चाल अजून ठरायची आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी परभणीची, वय 23. गाण्याची विशारद झालेय, तीन वर्षं एकांकिका केल्यात. यंदा दोन नाटकं समोर आहेत. एका संस्थेला राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी जुन्या 'सौभद्र' नाटकातली सुभद्रा हवीय. दुसरं कोरं नवं संगीत नाटक; त्याचा दुसरा अंक अजून लिहून व्हायचाय, चालीही ठरल्या नाहीत. तालमी एकाच वेळी असल्यानं एकच करता येईल. घरचे म्हणतात सुभद्रा कर, चार लोकांत नाव होईल. तुम्ही 26 वर्षं नव्याच संगीत नाटकांच्या मागं आहात. एवढं काय आहे त्यात?"

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, तेव्हा अहो-जाहो करत नाही.

माझीही सुरुवात सुभद्रेनंच झाली. अंबाजोगाईहून नाट्यशास्त्र शिकायला औरंगाबादला आले होते, तेव्हा शहराचं नाव तेच होतं. पहिल्या रांगेत टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. माझं पद सुरू झालं की त्यांचा हात मांडीवर ताल धरायचा, ओठ हलायचे. प्रयोग संपल्यावर ते आत आले, डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "छान गायलीस पोरी. फक्त दुसऱ्या अंतऱ्यातली एक जागा राहिली." कोणती, ते गाऊनही दाखवलं. खरंच राहिली होती. राग येण्यासारखं काही नव्हतं, त्यांच्या पाया पडले. पण परत जाताना रिक्षात डोक्यात तेच फिरत होतं. मी त्या पदाला पोचायच्या आधीच आजोबा तिथं जाऊन बसले होते. निम्मं सभागृह जाऊन बसलं होतं. माझी परीक्षा एवढीच होती, की मी तिथपर्यंत नीट चालत येते की वाटेत ठेचकाळते.

जुन्या नाटकांना मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगते. माझा गळा त्यांच्यावरच घडला. शब्द न फोडता तान कशी घ्यायची, गद्य संपताना पेटीचा सूर कानात कसा धरून ठेवायचा, पद संपल्यावर पुन्हा बोलण्यात कसं उतरायचं, हे सगळं त्या पदांनी शिकवलं. ज्यानं ती कधी गायलीच नाहीत तो नव्या नाटकात पहिल्या आठवड्यात उघडा पडतो. तू विशारद आहेस म्हणजे हा पाया थोडाफार आहे असं धरते. थोडाफारच, कारण बैठकीत गाणं आणि खांद्यावर घागर घेऊन, समोरच्या नटाच्या डोळ्यांत बघत गाणं यांत पुष्कळ अंतर आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. नव्या नाटकात काय आहे, हे पट्टीपासून, म्हणजे गाताना 'सा' किती उंच धरायचा तिथपासून, सांगितलं तर लवकर कळेल.

जुन्या नाटकातली पदं दुसऱ्याच्या गळ्यावर बेतलेली असतात. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व अशा पुरुषांनी ज्या भूमिका गाजवल्या, त्या आज आपण बायका करतो. पट्टी बदलून घेतो, तरी वळणं त्यांचीच राहतात. आईचं ब्लाऊज शिवणी मारून अंगाला बसवतो ना, तसं. बसतं, पण जुनी शिवण काखेत टोचत राहते. नव्या नाटकात संगीतकार समोर पेटी घेऊन बसतो आणि विचारतो, "आरामात कुठवर जातेस? खाली कुठं आवाज जाड होतो?" माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मला उत्तरच देता आलं नव्हतं. तोवर माझ्या गळ्याला कुणी मापच घातलं नव्हतं.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांवर आम्ही एक नाटक केलं, त्याचं उदाहरण देते. तुला माहीतच असेल, नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल त्या जोडीच्या नावावर घ्यायची आणि दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर कारखान्याकडं निघायचं. मी त्या कोयत्याचा अर्धा भाग होते. पहिल्या अंकात नवरा-बायकोचं भांडण पदात होतं. तो म्हणतो, उचल घेऊ आणि यंदाही जाऊ. ती म्हणते, पोरीची दहावी आहे, मी येत नाही.

माझ्याबरोबरचा नट काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी त्याचा 'सा'. माझा आवाज काळी चारमध्ये सुखानं चालतो. युगुलगीतात नेहमी हीच पंचाईत होते. त्याच्या पट्टीत गायलं तर मी विहिरीच्या तळाशी, माझ्या पट्टीत गायलं तर तो झाडावर. आमच्या संगीतकारानं पेटीवर दोन्ही पट्ट्या दाबल्या आणि हसला. काळी एकचा पंचम, म्हणजे 'प', तीच काळी चार. त्याचा जो पंचम तोच माझा षड्ज, माझा 'सा'. त्यानं पद तसंच बांधलं: नवरा आपल्या 'सा'वरून बोलतो, बायको आपल्या 'सा'वरून. दोघंही सुरात असतात, पण प्रत्येकाचं घर वेगळं. ऐकणाऱ्याला यातलं शास्त्र कळायची गरज नाही. या दोघांचं जुळत नाहीये एवढं त्याच्या कानाला कळतं.

शेवटच्या ओळीत मात्र त्यानं मला नवऱ्याच्या 'सा'वर आणून सोडलं होतं. गाण्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. गाडं घरी आलं पाहिजे, ऐकणाऱ्याला मुक्काम लागतो. मी चार दिवस तसं गायले आणि चारही दिवस पुढचं वाक्य माझ्या तोंडून खोटं यायचं. पुढचं वाक्य होतं, "पोरीचं दप्तर घेते अन् चलते." पाचव्या दिवशी मी म्हटलं, "ही बाई हरलीय, पण पटलेलं नाही तिला. ती त्याच्या 'सा'वर येणार नाही." मग वाद. दिग्दर्शक माझ्या बाजूनं, संगीतकार म्हणे पद अर्धवट लोंबकळल्यासारखं वाटेल. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन त्यानं शेवटची ओळ नवऱ्याला त्याच्या षड्जावर संपवायला दिली आणि मला माझ्याच निषादावर, 'सा'च्या एक पायरी अलीकडं, सोडून दिलं. तो निषाद तसाच हवेत राहायचा आणि त्याच हवेत मी दप्तर उचलायचे. पुढं 40 प्रयोगांत ते वाक्य एकदाही खोटं आलं नाही.

सुभद्रा करताना मी असं काही म्हणू शकले असते का? म्हणायचंही नसतं. ते पद ठरून गेलंय, लोकांच्या कानात बसलंय आणि ते तसंच राहावं. पण नटाच्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं काम कोणतं असेल तर ते हेच आहे: बोलणं कुठं संपून गाणं कुठं सुरू व्हावं, आणि गाणं कुठं थांबून पुन्हा बोलणं यावं, ती जागा शोधणं. ही जागा वहीत बसून लेखकाला सापडत नाही, पेटीवर संगीतकारालाही पूर्ण सापडत नाही. कुणीतरी ते वाक्य अंगातून बोलून, श्वास संपवून, मग सूर लावून बघावा लागतो. नव्या नाटकात ते 'कुणीतरी' आपण असतो.

त्याच नाटकातलं तोडणीचं पद तर आम्हाला एका मावशीनं दिलं. संगीतकारानं केरव्यात झकास चाल आणली होती. आठ मात्रा, हलगी, कोरस, सगळे खूश. आमच्या एका नटाची आई तालमीला येऊन बसली होती. बाईनं बारा हंगाम तोडणी केलेली. आमचं ते कोयते फिरवत गाणं तिनं पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये काय करलालाव? ऊस तोडलालाव का वरातीत नाचलालाव?"

मग तिनं उठून दाखवलं. बुडख्यावर घाव. ऊस ओढून घ्यायचा, उभं राहायचं. पाचट सोलायचं, दोन हात. शेंड्यावर घाव, वाढं बाजूला, ऊस ढिगावर. तबलजी बोटांवर मोजत होता. सात. तो म्हणाला, "रूपक ताल आहे हा." ती ती ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन. गंमत अशी, की रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर म्हणजे रिकाम्या जागी असते, तिथं डावा तबला गप्प असतो. म्हणजे मावशीचा बुडख्यावरचा घाव बरोबर तिथं पडत होता जिथं तबला रिकामा होता. त्या रिकाम्या मात्रेत आम्ही फक्त कोयत्याचा आवाज ठेवला. दहा कोयते एकदम, आणि खाली काहीच नाही.

आता दहा हौशी पोरापोरींना सात मात्रांत वाकायला, उठायला आणि गायला शिकवणं म्हणजे काय, ते विचारू नकोस. केरव्यात वाढलेली पोरं आहेत आपली. आठवी मात्रा आपोआप पायातून येते. अकरा दिवस गेले. एक जण कायम एका मात्रेनं पुढं असायचा, त्याला शेवटी मागच्या रांगेत मोळ्या बांधायला बसवलं. बिचारा मोळ्या मात्र तालात बांधायचा.

बीडच्या नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. ते पद संपलं आणि टाळी आली नाही. पद संपलंय हेच कुणाला कळलं नाही. सात मात्रांवर टाळी धरता येत नाही, आणि ऐकलेलं नसल्यानं शेवट कुठं आहे हे ठाऊक नाही. दोन-तीन सेकंद सातशे माणसं गप्प. मग मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आगं आई गं." तेवढंच. ते ऐकून माझ्या अंगावर जो काटा आला, त्याच्यापुढं वन्स मोअर मला फिका वाटतो. वन्स मोअर मी घेतलेत, छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पद कुठं संपतं हे ज्यांना माहीत नाही अशा लोकांसमोर गाण्याची मला जी चटक लागली, ती सुटली नाही.

आपल्या भागात हे करायला एक फायदा आहे. मुंबई-पुण्याकडं नव्या संगीत नाटकाला एक प्रश्न हमखास येतो: "हे लोक मधेच गातात का?" मराठवाड्यात हा प्रश्न मला खेड्यात कुणी विचारला नाही. जागरण-गोंधळ बघत माणूस लहानाचा मोठा होतो. संबळ वाजतं, नाईक गातो, मधेच थांबून गोष्ट सांगतो, साथीदार "मग काय झालं?" म्हणून टोकतो, की पुन्हा गाणं. बोलणं आणि गाणं यांच्यात कुंपण नाहीच. तुझ्याच परभणीच्या राजाराम कदमांचं गोंधळातलं नाव तुला मी सांगायला नको. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली, ती आजही अशीच सादर होतात. ओळ गायची, थांबायचं, चिमटा काढत बोलायचं, परत ओळ. तुळजापूरच्या वाटेवरचे आराधी, माळेगावच्या यात्रेतल्या लावण्या, घराघरातल्या जात्यावरच्या ओव्या. हा सगळा माल आपल्या दारात पडलेला आहे. नव्या संगीत नाटकाला तो वापरता येतो, कारण त्याला राग-ताल कुठून आणायचा याचं बंधन नसतं.

आणि हे काही मी हवेत सांगत नाही. 2012 साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. लेखक राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातले, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, गाणी-संगीत संभाजी भगत यांचं. शाहिरी गळ्याची, शेतकरी घरांतली जालन्याकडची पोरं मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर आपल्याच बोलीत उभी राहिली आणि महाराष्ट्रभर हिंडली. ते बघताना मला कळलं, की 'संगीत नाटकाचा आवाज' म्हणून जो एक नाजूक, शुद्ध, घोटीव आवाज आपल्या डोक्यात बसवला गेलाय, तो अनेकांतला एक आहे. पाच वर्षांनी, 2017 मध्ये, 'संगीत देवबाभळी'त रंगमंचावर फक्त दोनच बायका, तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपातली रुक्मिणी, आणि सगळं नाटक त्यांच्या गाण्या-बोलण्यावर चालतं. ते पाहून आल्यावर आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नव्हतं. थोडा मत्सरही होता त्यात.

घरच्यांना समजवायचं असेल तर एक तारीख सांग. 31 ऑक्टोबर 1880. त्या रात्री पुण्यात किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, आणि त्या प्रयोगात पहिले चारच अंक होते. पुरतं नाटक लोकांनी नंतर पाहिलं. तुझ्या नाटकाचा दुसरा अंक राहिलाय म्हणून आई काळजी करत असेल, तर हे ऐकव. पुढं 1911 साली 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, तेव्हा तेही त्या काळच्या कानांना नवंच होतं. 1972 चं 'घाशीराम कोतवाल' तर माणसांचाच पडदा करून नाचत-गात आलं. त्या सगळ्यांच्या पहिल्या तालमीत कुणीतरी तुझ्यासारखी वही घेऊन बसलेली असणारच. आईला तारीख पटली नाही तर मी फोनवर बोलेन. आया मला लवकर वश होतात.

आता जे कुणी सांगत नाही ते.

पैसे. नव्या नाटकात तालमीचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत, नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळते ती प्रयोग झाला तर. माझ्या पहिल्या नव्या नाटकाचे चार प्रयोग झाले. तालीम अडीच महिने. हिशेब केला तर एसटीचं भाडंही निघालं नव्हतं. त्या नाटकात अकरा पदं होती. रेकॉर्डिंग करायची तेव्हा सोय नव्हती, होती ती कॅसेट पावसाळ्यात गेली. पेटीवाले काका वारले. आज ती पदं जगात पाच-सहा माणसांच्या डोक्यात आहेत आणि त्यांतल्या दोघांना नीट आठवत नाहीत. कधी भांडी घासताना त्यांतलं एखादं तोंडात येतं. तेव्हा वाईट वाटतं, आणि घासणं मात्र झटपट होतं.

दुसरं, कापाकापी. जुन्या नाटकात तुझं पद कुणी कापत नाही. वेळेसाठी एखादं गाळतील, तेही आधी सांगून. नव्यात तिसऱ्या प्रयोगानंतर दिग्दर्शक चहा पाजतो आणि म्हणतो, "ते दुसऱ्या अंकातलं काढूया." माझं असंच एक पद गेलं, झोपलेल्या पोरीच्या उशाशी गायलेलं. पूर्ण नाटकात मला तेवढंच आवडायचं. मी जेवले नाही, लेखकाशी भांडले, तबलजीला मध्यस्थ केलं. दिग्दर्शकाचं म्हणणं असं, की नाटक तिथं थांबतं. प्रेक्षकांतून एकदा बसून बघितलं तेव्हा दिसलं, थांबत होतं खरं. लोक पाणी प्यायला उठत होते. पण सगळंच पद काढायची गरज नव्हती, हे माझं मत आजही कायम आहे. शेवटी दोन ओळी परत मिळवल्या, तबल्याशिवाय, पेटीशिवाय, पोरीच्या अंगावर गोधडी घालता घालता गुणगुणायच्या. दहा सेकंद. लोक त्या दहा सेकंदांबद्दल आत येऊन बोलायचे. दिग्दर्शक म्हणे, बघ, मी म्हणत होतो. मी म्हटलं, तुम्ही पूर्ण काढा म्हणत होता.

तिसरं, गोंधळ. देवीचा नाही, कारभाराचा. नव्या नाटकात शब्द बदलतात, चाल बदलते, आणि जुनी चाल गळ्यातून जायला तयार नसते. एका प्रयोगात मी पहिल्या ओळीची नवी चाल आणि दुसऱ्या ओळीची कापलेली जुनी चाल असं गाऊन बसले होते. पेटीवाल्यानं मला ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरले नाही. मोबाइलवर चाली रेकॉर्ड करशील तेव्हा प्रत्येकीला तारीख घाल. 'नवी', 'खरी नवी', 'शेवटची' अशी नावं दिलीस तर पंधरा दिवसांत तुलाच उलगडणार नाही. संहिता आणि पदं नाटकांना मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जातात, तेव्हा मंजुरीनंतर मोठे बदल होत असतील तर ते काम संस्थेचं कुणी बघतंय का, हेही विचारून ठेव. तुझं ते काम नाही, पण प्रयोगाच्या दिवशी धावपळ झाली की ती सगळ्यांच्याच गळ्याशी येते.

गळ्याचं म्हणशील तर एकच गोष्ट कळकळीनं सांगते. दौऱ्यात रात्री दोनला ढाब्यावरची काळ्या मसाल्याची शेवभाजी खाऊन गाडीत आडवी होऊ नकोस. जळजळ वर येते आणि सकाळी खर्ज, म्हणजे खालचा सूर, लागत नाही. मी हे वयाच्या पस्तिशीपर्यंत केलं, आणि घशाला काय झालंय म्हणून डॉक्टर बदलत राहिले. घशाला काही झालं नव्हतं, शेवभाजीला झालं होतं. दही-भात आधी खाऊन घे, ढाब्यावर बाकीच्यांना जेवताना बघ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहा. एंट्रीच्या आधी तांब्या रिकामा करून उपयोग नाही. आणि बसलेल्या आवाजात कुजबुजू नकोस. कुजबुजण्यानं आवाजाला विश्रांती मिळते असं सगळ्यांना वाटतं, ती मिळत नाही. गप्पच बसायचं.

आता, करायचं काय?

तुला वाटत असेल मी डोळे झाकून नवं कर म्हणेन. नाही म्हणणार. त्या लोकांना एकच प्रश्न विचार: संगीतकार तालमीला बसणार आहे का? बाकी सगळं नंतर. तो पुण्यात बसून व्हॉट्सअ‍ॅपवर चाली धाडणार असेल आणि तुम्ही आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर तोंड लावणार असाल, तर सरळ सुभद्रा कर. त्या पदांत निदान शिकायला तरी भरपूर मिळेल, आणि आजोबांसारखं कुणीतरी तुझी राहिलेली जागा गाऊन दाखवेल. ट्रॅकवरची नवी चाल जुन्या पदापेक्षाही घट्ट असते. जुन्या पदात तबलजी तुझ्यासाठी दोन मात्रा थांबतो तरी. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. मी अशी दोन नाटकं केली. पैसे बरे होते. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पण संगीतकार खोलीत असेल, पेटी उघडी असेल, आणि तू "हे वाक्य गाताना येत नाही, बोलून बघू का?" म्हटल्यावर तो "बघ" म्हणणार असेल, तर जा. दुसरा अंक लिहून झालेला नाही, ही तक्रार म्हणून कुणाला सांगू नकोस. त्या अंकात तुझ्या गळ्याला जागा आहे अजून. पहिल्या आठवड्यात गप्प राहून ऐक. तिसऱ्या आठवड्यात बोल. पहिल्याच दिवशी "माझ्या पट्टीत बसत नाही" म्हणणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. त्यांचं खरं असलं तरी कुणी ऐकत नाही. आणि तिसऱ्या आठवड्यातही गप्प राहणाऱ्या पाहिल्यात. त्या पुढं वर्षभर टोचणारी शिवण घालून गातात.

जाताना तुझी पेटी नको नेऊस, त्यांच्याकडं असेल. तानपुऱ्याचं ॲप आणि वही ने. पदं पेन्सिलनं लिही, आणि खोडरबर चांगल्यातला घे. माझ्या पहिल्या वहीची पानं आठव्याच दिवशी खोडून खोडून फाटली होती, आणि मुखडा मी शेवटी तबलजीच्या मुलाच्या गणिताच्या वहीत उतरवून घेतला होता. ती वही त्यानं परत मागितली, तेव्हा नाटकाला दोन दिवस उरले होते आणि त्याचा लसावि करायचा राहिला होता.

तुझ्या नाटकाचा पहिला प्रयोग परभणीत असेल तर कळव. मी मागच्या रांगेत बसते.